जुन्या गाडीचे तपासनीस

नाहूरला फास्ट लोकल थांबत नाही. भांडुपकडून ती येते, फलाटावरच्या माणसाच्या हातातला पेपर उडवते आणि मुलुंडच्या दिशेने निघून जाते. रोज सकाळी हा पाणउतारा सोसणाऱ्या माणसाच्या डोक्यात कधी ना कधी मोटार शिरतेच. त्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. मुलुंडचा नाका आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. माफ झालेला टोल वाचवायला आपल्याकडे गाडीच नाही, ही जाणीव फार झोंबते.

नव्या गाडीएवढे पैसे नव्हते. पण हे कारण मी कुणालाच सांगितलं नाही. "नवी गाडी शोरूमच्या दाराबाहेर पडली की तिथेच तिची किंमत घसरते," असं सांगत सुटलो. जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण हे वाक्य म्हणतो, आणि म्हणताना थोडा अर्थतज्ज्ञ दिसतो.

सेडानच का, यावर घरात दुमत नव्हतं. डिकी! आमचं गाव कोकणात. मे महिन्यात परतताना तांदूळ, कुळीथ, कोकमं, आंब्याच्या पेट्या आणि किमान एक फणस येतो. आखूड गाड्यांमध्ये हा ऐवज माणसांच्या मांडीवर बसतो, आणि फणस काही मांडीवर घ्यायची वस्तू नाही. सेडानला मागे स्वतंत्र खोलीच असते. मुंबईत जादा खोली एवढ्या स्वस्तात आणखी कुठे मिळणार?

आम्ही जुनी सेडान बघतोय ही बातमी सोसायटीत पसरायला लिफ्टची एक फेरी पुरली. मग तपासनीस जमू लागले. गाडी घेण्याआधी काय काय बघायचं असतं, हे प्रत्येकाला माहीत होतं. फक्त कुणाचंही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. हळूहळू लक्षात आलं की ज्याला पूर्वी जिथे फटका बसला, तो नेमका तिथेच हात लावून बघतो. इतर ठिकाणी गाडीला भगदाड पडलेलं असलं तरी त्याची हरकत नसते.

चौथ्या मजल्यावरचे काका गाडी बघत नाहीत, हुंगतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पावसाने बुडवलेली एक गाडी धुऊन, वाळवून, नवी सीटकव्हरं चढवून त्यांना विकण्यात आली होती. पहिले काही दिवस तिला अत्तराचा वास होता. अत्तर संपलं आणि तिला थेट मिठी नदीचा वास येऊ लागला. तेव्हापासून काका कुठल्याही गाडीत शिरले की आधी वाकून गालिचा उचलतात, नाक टेकवतात आणि डोळे मिटतात. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतात. "सगळं धुतात लेकाचे, पण पट्ट्याचं आतलं टोक कुणी धुवत नाही. चिखलाची रेघ तिथे सापडते!" सीटखालच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, हेही त्यांना बघायचं असतं. एकदा विकणाऱ्याने नुकतीच गाडीत अगरबत्ती लावली होती. काका बाहेर आले ते थेट गेटकडे चालू लागले. "चल. ज्याअर्थी वास लपवलाय, त्याअर्थी वास आहे." बिचारा माणूस मागून ओरडत होता, "अहो, आज संकष्टी आहे!"

माझा मेहुणा याच्या अगदी उलट. त्याला गाडी दाखवली नाही तरी चालते, कागद दाखवा. त्याने घेतलेल्या गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज होतं. बँकेचं नाव आरसी बुकावरून उतरलंच नव्हतं, आणि एके रविवारी वसुलीवाले चहाच्या वेळी घरी आले. त्यामुळे तो गाडीच्या रंगाआधी फॉर्म ३५ विचारतो. "बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ नसेल तर भावोजी, तुम्ही गाडी घेत नाही, दुसऱ्याचं कर्ज दत्तक घेताय." मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर २८. हे आकडे तो मंगलाष्टकांच्या लयीत म्हणतो. मग चेसिस नंबर गाडीवरचा आणि कागदावरचा जुळवतो, त्यासाठी मला गाडीखाली झोपवतो आणि स्वतः वर उभा राहून "हं, पुढचं अक्षर सांगा" म्हणतो.

त्याच्याबद्दल एक मात्र कबूल करायला हवं. कागदाला पाझर फुटतो तो त्याच्यासमोरच. मुलुंडच्या एका गृहस्थांनी सांगितलं होतं, "गाडी फक्त मंगळवारी काढतो. सिद्धिविनायक, आणि परत घर." मेहुण्याने तिथल्या तिथे फोनवर ई-चलानं उघडली. एक्स्प्रेस-वेवर वेगमर्यादा मोडल्याचे तीन फोटो! मर्यादा ताशी १०० किलोमीटर, आणि गाडी स्पष्ट दिसत होती.

"हा कुठला सिद्धिविनायक?" मेहुण्याने विचारलं.

"मुलगा घेऊन गेला असेल."

"तिन्ही मंगळवारच आहेत, हे मात्र खरं," मेहुणा तारखा मोजत म्हणाला.

मग पॉलिसी बघितली. "एकही क्लेम नाही हो," असं गृहस्थ म्हणत होते, आणि नो क्लेम बोनसच्या रकान्यात शून्य. सलग पाच वर्षं क्लेम केला नाही तर हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत चढतो. शिवाय तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, म्हणजे गाडीबरोबर आपल्याला मिळत नाहीच. पण शून्य दिसलं की गेल्या वर्षी काहीतरी कशावर तरी आदळलेलं असतं. गृहस्थ म्हणाले, "तो किरकोळ होता." आम्ही निघालो.

जाहिरातींची भाषा मला एव्हाना पाठ झाली होती. 'सिंगल हँड', 'शोरूम कंडिशन', 'ओरिजनल पेंट', 'डॉक्टरने वापरलेली'. मुंबईत डॉक्टरने वापरलेल्या जितक्या गाड्या विकायला आहेत, तितके डॉक्टर असते तर ओपीडीत रांगा लागल्या नसत्या. आणि डॉक्टरने वापरलेली म्हणजे नक्की काय? ती रोज तपासलेली असते की रोज हॉस्पिटलच्या खांबाला घासलेली, हे कुणी लिहीत नाही.

आमच्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या मॅडमचा टायर कसारा घाटात फुटला होता. त्या आल्या आणि गाडीपुढे उकिडव्या बसल्या. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे ज्ञान झाल्यापासून त्यांनी माणसांच्या चेहऱ्याकडे बघणं सोडलंय. पार्किंगमधून चालताना त्या टायरांच्या जन्मतारखा वाचत जातात. एका गाडीपाशी त्या बराच वेळ बसून राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "सर, हिचे मागचे दोन टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी मोठे आहेत." विकणारा म्हणाला, "अनुभवी आहेत, मॅडम."

सासरे हा वेगळाच विषय. ते प्रीमियर पद्मिनीच्या काळातले. ती गाडी कुर्ल्याला बनत असे, याच लाल बहादूर शास्त्री मार्गावर, जो पुढे भांडुपवरून आमच्या नाहूरच्या अंगाने मुलुंडला जातो. त्यामुळे हा रस्ता स्वतःच्या मालकीचा असल्यासारखे ते त्याच्याकडे बघतात. त्या काळी नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि म्हणून जुनी गाडी नवीपेक्षा महाग विकली जाई, कारण ती आज मिळायची. सासऱ्यांच्या मनातून हा हिशोब अजून गेलेला नाही. आम्ही घासाघीस सुरू केली की त्यांचा जीव कासावीस होतो. "जावईबापू, गप्प बसा. त्यांचं मन बदलेल." एकदा तर त्यांनी विकणाऱ्याला परस्पर सांगितलं, "तुम्ही विकताय हेच उपकार आहेत." माझी दहा हजारांची घासाघीस त्या एका वाक्याने पाण्यात गेली.

त्यांची तपासणी एकच. दार उघडून जोरात लावायचं आणि कान देऊन ऐकायचं. पद्मिनीच्या दाराचा आवाज कसा भरदार होता म्हणे. हल्लीचं प्रत्येक दार त्यांना पत्र्याच्या डब्याचं वाटतं. चारही दारं आपटून झाली की ते निराश होऊन डिकीही आपटतात. एका गाडीचा मागचा दिवा या परीक्षेत निखळून पडला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं, मी विकणाऱ्याकडे बघितलं नाही.

या सगळ्यांत पैसे घेऊन आलेला आणि खरोखर जाणकार असा एकच माणूस होता, भांडुपच्या गॅरेजमधले उस्ताद. त्यामुळे त्यांचं बोलणं कुणी ऐकत नसे. ते येताच बॉनेटवर तळहात ठेवत. गरम लागलं तर मालकाला विचारत, "साहेब, आमच्याआधीच चालू करून ठेवलीत? थंड गाडी खरं बोलते, गरम गाडी पाठ केलेलं बोलते." मग ऑइलचं झाकण उघडून त्याच्या आत पांढरा फेस आहे का बघत, कारण फेस म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलं. सायलेन्सरमागे उभं राहून धूर बघत. निळा असेल तर इंजिन ऑइल पितंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. दाराचं रबर चार बोटं उचलून आतले वेल्डिंगचे ठिपके मोजत. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, गॅरेजचे मनाला येईल तिथे. बॉनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असतील तर ते नुसतं "हं" म्हणत. हा "हं" साधारण चाळीस हजारांचा असे.

मीटरवर ३८ हजार किलोमीटर असलेली एक नऊ वर्षांची गाडी त्यांनी दोन मिनिटांत निकालात काढली. क्लचच्या पेडलचं रबर पूर्ण गुळगुळीत होतं, स्टिअरिंगचं कातडं अंगठ्यापाशी उडालेलं. "मीटर मागे फिरवता येतो साहेब, पाय नाही फिरवता येत."

टेस्ट ड्राइव्ह मात्र उस्तादांनाही जमली नाही. शास्त्री मार्गावर मधोमध मेट्रो ४ चं काम. पूर्वेकडून यावं तर गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे पत्रे. पुढे कधीतरी हा रस्ता राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जुळ्या बोगद्यांनी थेट गोरेगावला नेणार आहे, तूर्त तो आम्हाला पुढच्या रिक्षाच्या मागे नेतो. या सगळ्यात गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. तिसरा गिअर आहे की नाही हे विकणाऱ्याच्या शब्दावर मानायचं. पाचव्याचं दर्शन थेट पनवेलच्या पुढे. ब्रेक तेवढे कसून तपासले जातात, दर चार फुटांवर.

आणि मग बायको. ती गाडीपाशी थांबतच नसे. आम्ही खाली वाकून, झोपून, हुंगून तपासत असायचो तोवर ती वर जाऊन विकणाऱ्याच्या बायकोशी बोलत बसायची. खाली येईपर्यंत तिच्याकडे संपूर्ण इतिहास असे. "अहो, यांनी गेल्या दिवाळीत ऐरोलीच्या पुलावर दुभाजकाला धडकवलीय. एसी दोनदा भरलाय, तरी दुपारी गार होत नाही. आणि विकतायत कारण मुलाला ती पसंतच नाही." उस्तादांचा तळहात, काकांचं नाक, मेहुण्याचे फॉर्म मिळून जे सापडलं नाही ते चहाच्या अर्ध्या कपात बाहेर आलेलं असे.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचं खरं रूप माहीत असतं आणि घेणाऱ्याला नसतं, त्यामुळे चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि वाईट तेवढ्या उरतात, असा त्याचा गाभा. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला, चौथ्याने छापला, आणि २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. निबंध थोर आहे यात शंका नाही. पण त्यांनी विकणाऱ्याची बायको हिशोबात धरली नव्हती.

शेवटी एक गाडी सापडली. धुतल्या तांदळासारखी. मालक निवृत्त, सभ्य आणि चिवट. काकांना वास आला नाही, मेहुण्याला थकलेलं चलान मिळालं नाही, मॅडमना टायर वयात बसलेले दिसले, सासऱ्यांच्या हातून काही निखळलं नाही, उस्तादांनी "हं" म्हटलं नाही. मालकांच्या बायकोने माझ्या बायकोला नवऱ्याबद्दल पुष्कळ सांगितलं, गाडीबद्दल काहीच नाही. मालक मात्र आमच्या वरचेवर येण्याला कंटाळले होते. एकदा म्हणाले, "तुम्ही घेणार आहात, की हिच्यावर पीएचडी करणार आहात?" मग त्यांनीच आमची तपासणी सुरू केली. मी कुठे नोकरी करतो, चालवणार कोण, हात साफ आहे का, गाडी उघड्यावर राहणार की छपराखाली.

"सोसायटीचं मशीनवालं पार्किंग आहे," मी अभिमानाने म्हणालो.

"मग एकदा तिथे लावून बघू," ते म्हणाले. हा प्रश्न आमच्या एवढ्या मोठ्या शिष्टमंडळात कुणाच्याच डोक्यात आला नव्हता, कारण पार्किंगकडून अजून कुणाला फटका बसलेला नव्हता.

आमचं पार्किंग दुमजली पाळण्यांचं. गाडी पाळण्यावर चढवायची, बटण दाबायचं, ती वर जाते. मालकांनी गाडी चढवली. वॉचमनने बटण दाबलं. मशीनने टूं टूं केलं आणि हललं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा टूं टूं. मागच्या कडेला एक किरण असतो म्हणे, त्याच्या आड काही आलं की मशीन संप करतं. आड आली होती डिकी! आमची डिकी, जिच्यासाठी हा सारा खटाटोप. वीतभर बाहेर.

"थोडी तिरकी लावा," सेक्रेटरी म्हणाले. "पुढचा बंपर रात्रीपुरता काढून ठेवता येईल," हा मेहुणा. सासरे म्हणाले, "पद्मिनी बसली असती." वॉचमनने कुठूनशी सुताराची टेप आणली. गाडी साडेचार मीटरला दोन बोटं कमी भरली. मालक काही बोलले नाहीत. गाडी पाळण्यावरून उतरवली, काच खाली केली, आम्हा सर्वांकडे एकेक करून बघितलं आणि निघून गेले.

त्या रात्री मी सेडानच्या लांबीचा इतिहास वाचला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. मग कंपन्यांनी सेडानची शेपटी छाटायला घेतली. डिझायर २००८ साली आली तेव्हा ४,१६० मिलिमीटर होती. २०१२ साली नवी आली ती ३,९९५! पाच मिलिमीटर हातचे राखून. तिच्या पुढच्या पिढीतल्या डिकीत ३७८ लिटर सामान मावायचं, तर सियाझसारख्या साडेचार मीटरवाल्या गाडीत ५१०. या दोघींतला फरक म्हणजे आमचा फणस आणि आंब्याच्या दोन पेट्या.

तरीही पाळण्यात बसणारी गाडी घेणं भाग होतं. चार मीटरच्या आतली एक मिळाली, २०१९ ची, सगळ्यांच्या कसोटीला उतरलेली, आणि वर सीएनजी. खर्च वाचणार म्हणून सगळे खूश. सीएनजीच्या टाकीची नोंद आरसीवर आहे का, दर तीन वर्षांनी करायची टाकीची चाचणी झालीय का, हे मेहुण्याने चोख बघितलं. टाकी कुठे असते हे बघण्याची गरज कुणाला वाटली नाही. ती डिकीत असते. डिकीत टाकी ठेवल्यावर उरलेल्या जागेत एक छत्री, झाडू आणि पंपावरच्या पावत्या मावतात.

यंदा मे महिन्यात गावाहून परतताना तांदळाची पोती मागच्या सीटवर होती, पोत्यांच्या मधोमध बायको आणि मांडीवर कोकमं. फणस पुढे, माझ्या शेजारी. जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांना शेजारच्या सीटवर वजन पडलं आणि पट्टा लावला नाही की बोंब मारायची सक्ती आहे. आमची त्यातलीच. पेणपर्यंत ती फणसासाठी किंचाळत होती. शेवटी गाडी बाजूला घेतली आणि फणसाला पट्टा लावला. पुढे वाशीला पोलिसाने आत डोकावून बघितलं, फणसाला बघितलं, पट्टा बघितला आणि मान डोलावली. मग मागे बायकोकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुमचा?"

गेल्या रविवारी तळमजल्यावरचं नवीन जोडपं जुनी सेडान बघायला निघालं. आमचे सगळे तपासनीस गेले, मीही गेलो. काकांनी गालिचा उचलला, सासऱ्यांनी दार आपटलं, मॅडम टायरपाशी बसल्या. विकणारा तरुण होता, उत्साहाने बॉनेट उघडून उभा राहिला. मी सरळ मागे गेलो.

"काका, इंजिन बघा ना, एकदम स्मूथ आहे," तो म्हणाला.

"ते उस्ताद बघतील," मी खिशातून टेप काढत म्हणालो. "तू आधी गाडी जरा भिंतीपासून पुढे घे. आणि हे टोक धर, बंपरला टेकवून."